प्रवाशाची रेखाटनवही

मराठी प्रवासवर्णनें वाचून संपविल्यावर आमच्या मनावर जो ठसा उरतो तो बहुधा स्थळांचा नसतो, विशेषणांचा असतो. व्हेनिस रम्य, आल्प्स भव्य, पॅरिस विलासी, लंडन गंभीर! दहा प्रवाशांनीं दहा वेळां पाहिलेलें व्हेनिस शेवटीं एकच निघतें. आणि तें व्हेनिसला न जातां, एखादें मार्गदर्शक पुस्तक पुढ्यांत घेऊन सीताबर्डीवर बसूनहि लिहितां आलें असतें, अशी शंका मनांत डोकावल्यावांचून राहत नाहीं. लेखक लबाड असतो असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. तो तेथें खरोखरच गेलेला असतो, त्यानें पदरचे पैसे खर्च केलेले असतात, थंडीनें तो कुडकुडलेलाहि असतो. पाहण्याइतका वेळ एका जागीं तो उभा राहिलेला नसतो, एवढेंच. पाहिलें नसतांहि पाहिल्याचें जाहीर करण्याची सोय भाषेंत आहे, आणि विशेषणें त्या कामीं फार उपयोगी पडतात.

अलीकडे आमच्या तरुण मंडळींत पाठीवर सॅक टाकून, स्वस्त वसतिगृहांतून मुक्काम करीत देशोदेशीं भटकण्याची जी आवड वाढली आहे, तिच्या सोबतीनें आणखी एक लहानशी आवड आली आहे. ती म्हणजे प्रवासांत रेखाटनवही बाळगण्याची. हातांत मावेल एवढी कोऱ्या पानांची वही, एक पेन, फार तर डबीएवढी रंगपेटी आणि ब्रश, एवढाच तिचा सरंजाम. हा छंद चित्रकलेच्या प्रांतांतला म्हणून वाङ्मयाच्या मासिकानें त्याकडे पाहूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या मतें ही वही प्रवासवर्णनाचीच एक शाखा आहे, आणि मूळ खोडाला जो रोग जडला आहे त्यावरचा उपायहि कदाचित् तिच्यांतच सांपडेल. विशेषणाचें चित्र काढतां येत नाहीं. 'भव्य' काढावयाचें झालें तर खांब किती, पायऱ्या किती, आणि त्या पायऱ्यांवर बसलेला मनुष्य खांबाच्या मानानें केवढा, हें डोळ्यांनीं मोजावेंच लागतें. तें मोजण्यापूर्वीं हात हलत नाहीं.

मग अशा वह्यांची परंपरा आमच्याकडे पूर्वींच कां निर्माण झाली नाहीं? या प्रश्नाचा विचार करूं लागलों कीं १८५७ हें साल पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येतें. त्या वर्षीं वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेस होऊं घातलेल्या यज्ञाच्या दक्षिणेची आशा धरून आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झाशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून अनुभविला, आणि सरतेशेवटीं गंगोदकाची कावड घेऊन ते घरीं परतले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. पायीं चालणारा, हातीं फारसा पैसा नसलेला, मिळेल त्या ओसरीवर पाठ टेकणारा हा ब्राह्मण म्हणजे आजच्या सॅकवाल्या तरुणांचा खरा पूर्वज होय. परदेशीं तो गेला नाहीं हें खरें. परंतु कोंकणांतून निघालेल्या त्या काळच्या मनुष्यास बुंदेलखंड कांहीं कमी परकें नव्हतें. त्याची नजर चित्रकाराची होती. राणीचा पोषाख असो कीं लुटीनंतरचे झाशीचे रस्ते असोत, तो वस्तूंचीं नांवें घेतो, त्यांची जागा सांगतो, आणि विशेषणांच्या वाटेस फारसा जात नाहीं. घरीं परतल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर त्यानें हें सारें लिहून काढलें, आणि तरीहि तें पुसट झालेलें नाहीं.

त्याच १८५७ सालीं मुंबईंत दोन दारें उघडलीं. एक मुंबई विद्यापीठाचें, दुसरें जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचें. पहिल्यांतून आमचा पदवीधर बाहेर पडला, दुसऱ्यांतून आमचा चित्रकार. आणि या दोघांची गांठ पुढें क्वचितच पडली. पदवीधराच्या हातीं लेखणी आली, चित्रकाराच्या हातीं ब्रश आला, आणि एकाच्या हातीं दोन्ही असणें ही गोष्ट चमत्कारिक वाटूं लागली. योगायोग असा कीं, रस्किननें 'एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हें आपलें पुस्तक काढलें तेंहि याच वर्षीं. चित्रकार घडविणें हा त्या पुस्तकाचा हेतु नव्हता. सामान्य सुशिक्षित मनुष्यानें नीट पाहावयास शिकावें, आणि त्यासाठीं पेन्सिल हातीं धरावी, असें त्याचें म्हणणें होतें. आमच्या पदवीधर वर्गानें रस्किनचीं लांबलचक वाक्यें पाठ केलीं, त्यांचें अनुकरणहि केलें. पेन्सिल तेवढी उचलली नाहीं.

याचा अर्थ मराठी हाताला रेषा येत नव्हती असा मात्र नव्हे. पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा पेशवाईच्या अखेरच्या काळांतला चितारी. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें १७९० सालचें त्याचें चित्र प्रसिद्ध आहे. पेशवे दरबारचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठीं त्यानें वेरूळ आणि कार्लें येथील लेणीं रेखाटलीं, आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा तो साहाय्यकहि होता. वेल्स १७९५ सालीं वारला. १८०३ सालीं टॉमस डॅनियल यानें वेरूळचे चोवीस देखावे प्रसिद्ध केले, ते वेल्सच्या नांवानें. तांबटाचीं चित्रें पाहावयाचीं तर आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहाकडे वळावें लागतें. पुण्याहून वेरूळास जाऊन लेण्यापुढें बसलेल्या या मनुष्यास वाटेंत काय दिसलें, कोठें मुक्काम पडला, अंधाऱ्या गाभाऱ्यांत उजेडाची सोय त्यानें कशी केली, यांविषयीं त्याची एक ओळ आमच्या वाचनांत नाहीं. रेषा त्याची, वाक्यें मॅलेटचीं.

हीच वाटणी पुढें शतकभर चालली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखा निरीक्षक चित्रकार आमच्यांत झाला. मुंबईच्या रस्त्यावरील माणसें त्यांच्याइतकीं कोणी पाहिलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. साडीच्या नेसणींतील फरक ते रेषेच्या एका वळणानें दाखवितात. परंतु एडवर्ड्ससाहेबाच्या मुंबईवरील १९१२ सालच्या पुस्तकांत आणि रॉथफील्डसाहेबाच्या हिंदी स्त्रियांवरील १९२० सालच्या पुस्तकांत त्यांचीं चित्रें आलीं, तीं परक्या लेखणीच्या सोबतीला. धुरंधरांचें स्वतःचें मराठी पुस्तक, 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें', १९४० सालीं निघालें, तेव्हां ते सत्तरी ओलांडून गेले होते. दुसऱ्या बाजूस पंडिता रमाबाईंचें अमेरिकेच्या लोकस्थितीवरील १८८९ सालचें प्रवासवृत्त पाहावें. डोळा तीक्ष्ण, माहिती भरगच्च, बुद्धि स्वतंत्र. आणि तें सारें शब्दांत.

केवळ आमच्याकडेच असें झालें असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. जर्मन कवि गटे १७८६ ते १७८८ या काळांत इटलींत हिंडला. १७८७ सालीं सिसिलीस जातांना त्यानें क्नीप नांवाचा एक चित्रकार बरोबर घेतला, तो अशासाठीं कीं चित्रें त्यानें काढावीं आणि आपण मोकळेपणें पाहावें. मॅलेट आणि तांबट यांचीच ही जोडी, फक्त दोघेहि एकाच भाषेचे. फरक इतकाच कीं गटे स्वतःहि रेखाटीत असे. इटलींतील त्याचीं रेखाटनें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. तीं कांहीं थोर चित्रें नव्हेत. परंतु त्याच्या गद्यांत पर्वताची चढण, दगडाची जात आणि पानाचा आकार हीं ज्या नेमकेपणानें येतात, त्या नेमकेपणाचें मूळ आम्हांस या सामान्य रेखाटनांत दिसतें.

याच प्रवासांतला मालचेसिने येथील प्रसंग रेखाटनवही बाळगणाऱ्या प्रत्येकानें वाचावा असा आहे. गार्दा सरोवराच्या कांठीं एका पडक्या गढीचा बुरूज गटे काढीत बसला असतां गांवकरी भोंवतीं जमले. गांव व्हेनिसच्या अमलाखालचें, सरहद्द जवळ, तेव्हां हा ऑस्ट्रियाचा हेर असावा असा बोभाटा झाला. एकानें तर त्याचा कागदच फाडला. अधिकारी आला, विचारपूस झाली, आणि या पडक्या भिंतींत पाहण्यासारखें काय आहे हें कवीस त्या लोकांस समजावून सांगावें लागलें. आम्हांस या गोष्टींत विनोदापेक्षां अर्थ अधिक दिसतो. क्षणभर थांबून छायाचित्र घेणारा प्रवासी लोकांस पाहतो आणि निघून जातो. अर्धा तास बसून रेखाटणाऱ्याला लोकहि पाहतात. त्याच्या खांद्यावरून डोकावतात, चुकलें तर हंसतात, हें कशाला म्हणून विचारतात. पाहणाऱ्यालाच पाहिलें जाण्याची पाळी येते, आणि परक्या मुलखांत पाहुणा म्हणून जें एक प्रकारचें उत्तरदायित्व अंगावर यावें तें अशा वेळीं येतें. आमच्या प्रवासवर्णनांतील परदेशी माणूस बहुधा मुका असतो, वेटर तरी असतो नाहींतर 'गोरी तरुणी' तरी. रेखाटणाऱ्याच्या वहींतील माणसास तोंड असतें, कारण त्यानें कांहींतरी विचारलेलें असतें.

शब्द आणि रेषा यांचें एका पानावर नांदणें कसें असावें याचा नमुना आमच्या मतें दलाक्रवाच्या वह्यांत आहे. हा फ्रेंच चित्रकार १८३२ सालीं एका वकिलातीबरोबर मोरोक्कोंत गेला. सहा महिन्यांच्या त्या प्रवासांतील त्याच्या वह्यांत घोडेस्वार, दरवाजे, झगे यांचीं घाईघाईचीं रेखाटनें आहेत, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर अक्षरें दाटलेलीं आहेत. कोणत्या कापडाचा रंग काय, सावली कोणत्या छटेची, त्या दिवशीं कोण भेटलें. जेथें रंग भरावयास वेळ नाहीं तेथें तो रंगाचें नांव लिहितो. जेथें शब्द अपुरा पडतो तेथें रेषा मारतो. एकानें दुसऱ्याची टिपणी करावी, पण नक्कल करूं नये. या वह्यांच्या शिदोरीवर तो पुढें तीस वर्षें चित्रें काढीत राहिला.

मराठींत पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० सालीं आली, आणि शि. द. फडणीसांच्या रेषांनीं ती सजली. पुस्तक लोकप्रिय झालें तें योग्यच झालें. त्यांतील विनोद अजून शिळा झालेला नाहीं. परंतु आमच्या प्रस्तुत प्रश्नापुरतें पाहिलें तर जुनी वाटणी येथेंहि कायम आहे. प्रवासांत देशपांडे होते, फडणीस नव्हते. म्हणून तीं चित्रें विनोदाचीं आहेत, स्थळांचीं नव्हेत. तीं वाक्य वाचून हंसलेल्या माणसानें काढलेलीं आहेत. यांत न्यून असें कांहीं नाहीं. तो प्रकारच निराळा.

इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनीं १९४७-४८ सालीं अमेरिका आणि युरोप पाहिला. देवळालीकर मास्तरांच्या हाताखालीं उघड्यावर बसून चित्र काढावयास शिकलेला हा शिष्य. भटकणें हा त्यांचा स्वभावच होता. पण त्यांचें जें आहे तें रंगांत आहे. आमच्या नागपूरशीं ज्यांचा संबंध येतो ते द. ग. गोडसे मात्र दोन्ही हातांचे. सावनेरच्या शाळेंतून ते येथील मॉरिस कॉलेजांत आले, पुढें मुंबईस वाङ्मयाचे पदवीधर झाले, आणि मग लंडनच्या स्लेड कलाशाळेंत गेले. १८५७ सालच्या दोन्ही दारांतून आंत गेलेला असा मनुष्य विरळा; 'पोत'सारखा १९६३ सालचा ग्रंथ त्याशिवाय लिहिला जाणें शक्य नव्हतें. दुर्दैव आमचें एवढेंच कीं या माणसाची प्रतिभा नेपथ्यांत, इतिहासांत आणि सौंदर्यविचारांत रमली. परदेशाचें प्रवासवर्णन तिनें आम्हांस दिलें नाहीं.

तेव्हां रेखाटनवहीचा मोठा नमुना हवा असेल तर गोमंतकाकडे वळावें लागतें. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांस मराठी लेखक म्हणतां येणार नाहीं. परंतु लोटलीचें त्यांचें घर आणि मुंबईंतील त्यांची वृत्तपत्री कारकीर्द या दोहोंमुळें ते आम्हांस परके नव्हत. लहानपणीं ते घराच्या भिंती रेघोट्यांनीं भरीत, म्हणून आईनें एक कोरी वही आणून दिली, आणि त्या वहीला ते आपली रोजनिशी म्हणूं लागले. ही संवय सुटली नाहीं. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या सचित्र रोजनिश्या आतां पुस्तकरूपानें उपलब्ध आहेत. दिवसाला चित्र आणि सोबत थोडासा मजकूर, असा तो क्रम. लग्नें, मेजवान्या, चर्चमधली प्रार्थना, गांवांतल्या कुत्र्यांचीं भांडणें, मुंबईंतील उनाडक्या, कोणाचें कोणावर मन बसलें आहे याच्या खाणाखुणा. परदेश त्यांत नाहीं. परंतु तेवीस-चोवीस वर्षांचा हा तरुण स्वतःच्या गांवांतच प्रवाशासारखा वावरतो आहे, आणि गांवाला तें ठाऊकहि आहे.

१९५९ च्या सुमारास गुलबेंकियन संस्थेच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले, तेथून इंग्लंडला जाऊन कांहीं वर्षें राहिले. १९७४ सालीं त्यांस अमेरिकेचें आमंत्रण आलें. आणि पुढें पॅरिस, जर्मनी वगैरे ठिकाणच्या रेखाटनांचीं त्यांचीं स्वतंत्र पुस्तकें निघालीं. हीं परदेशचीं चित्रें गोव्याच्या चित्रांशेजारीं ठेवून पाहिलीं असतां एक फरक कोणाच्याहि ध्यानांत येईल. गोव्यांत त्यांचा नायक म्हणजे गर्दी. मासळीबाजारांतील बायका, पाद्री, कारकून, कावळे आणि कुत्रीं एकमेकांच्या अंगावर रेलून उभीं असतात, आणि प्रत्येकाच्या नाकाची खोड वेगळी. युरोपांत गेल्यावर माणसें विरळ होतात आणि दगड वाढतात. खिडक्या, गज, फरसबंदी, कौलांच्या उतरणी, पानें गळालेल्या फांद्या. आणि या सर्वांवर बारीक रेघांची अशी दाट वीण कीं कागद कोठें उरला आहे हें शोधावें लागावें.

हास्यचित्रकार परदेशीं गेल्यावर गप्प झाला, असा आक्षेप यावर घेतां येईल. आम्ही तो घेणार नाहीं. हंसण्याचा अधिकार ओळखीनें मिळतो. लोटलीचा पाद्री मारिओंच्या घरीं जेवून गेलेला असतो; त्याच्या पोटाची रेषा फुगवितांना त्यांत घरोबा असतो. पॅरिसच्या म्हाताऱ्याशीं तसें नातें नाहीं, म्हणून त्याला ते सभ्यपणें पाठमोरा, किंवा चहाच्या पेल्यावर वांकलेला असा दाखवितात. आमच्या विनोदी प्रवासलेखकांनीं परक्यांच्या उच्चारांवर आणि खाण्यावर जे स्वस्त विनोद केले आहेत त्यांच्या तुलनेनें ही मर्यादा आम्हांस फार मोलाची वाटते.

आमचा आक्षेप दुसराच आहे. हीं चित्रें फार पुरीं झालेलीं आहेत. प्रत्येक कौल जागेवर, प्रत्येक वीट मोजलेली, सावलीची जाळी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सारखी. पाऊस आला म्हणून चित्रकार उठला, गाडी सुटली म्हणून चित्र राहिलें, बोटें गारठलीं म्हणून रेषा थरथरली, असें त्यांत कोठेंच घडत नाहीं. तीं पाहतांना टेबल, दिवा आणि निवांत रात्र यांचा वास येतो. कौशल्य म्हणून तीं श्रेष्ठ असतील. वही म्हणून आम्हीं १९५१ सालची रोजनिशीच उचलूं. त्या रोजनिशींत रेषेला उद्यांची तारीख गांठावयाची असते. परदेशच्या चित्रांत वेळ थांबलेला आहे, आणि प्रवासाचा तर वेळ हाच जीव. इतका मोठा चित्रकार स्वतःच्या वहीच्या शिस्तींतून बाहेर पडून पुस्तकाच्या शिस्तींत गेला, यांत कांहीं तरी गमावलें गेलें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करतों.

याच कसोटीवर आजच्या तरुणांच्या वह्या घासून पाहिल्या तर पुष्कळांचा निभाव लागत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. एक तर वही फार महाग झाली आहे. मिलान शहरांतील एका मंडळीनें १९९७ सालीं काळ्या पुठ्ठ्याच्या जुन्या फ्रेंच वहीचें पुनरुज्जीवन करून 'मोलस्किन' नांवानें ती बाजारांत आणली, तेव्हांपासून कोरें पान ही प्रतिष्ठेची वस्तु झाली. आणि इतकें उंची पान खराब होईल या भीतीनें हात आंखडतो. दुसरें म्हणजे, दिवसभर फोनमध्यें छायाचित्रें टिपून रात्रीं वसतिगृहाच्या खाटेवर बसून त्यांची नक्कल वहींत उतरविण्याची चाल पडली आहे. हें रेखाटन नव्हे, हें शुद्धलेखन होय. आम्हांस मात्र याचा दोष केवळ तरुणांवर टाकवत नाहीं. आमच्या शाळांतील मुलें एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात, आणि त्यांत स्मरणचित्र म्हणून एक विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बंद वर्गांत बसून बसस्थानकावरची गर्दी काढावयाची! मूल गर्दी पाहावयास कधींच जात नाहीं. गेल्या वर्षीं बक्षीस मिळालेल्या चित्रांतली गर्दी तें पाठ करतें. तेंच मूल पुढें लिस्बनला गेलें म्हणजे लिस्बन पाठ करून येतें. स्मरणशक्तीचा अभ्यास वाईट असें नव्हे. गोडसेभटजींची सारी शिदोरी स्मरणाचीच होती. परंतु आठवावयाला आधीं कांहीं पाहिलेलें असावें लागतें.

उदाहरणादाखल एका वहीची हकीकत येथें देतों. आमच्या एका माजी विद्यार्थिनीनें दोन महिने पोर्तुगाल आणि स्पेन या देशांत पाठीवर सॅक घेऊन प्रवास केला, आणि परत आल्यावर आपली वही आम्हांस पाहावयास दिली. चित्रकलेचें शिक्षण तिला नाहीं. ती वाङ्मयाची विद्यार्थिनी. पहिलीं सहा पानें फोनवरून उतरविलेलीं. बेलेंचा बुरूज, एक चर्च, एक पूल. रेषा स्वच्छ, आणि पान निर्जीव. खालीं इंग्रजींत एकेक सुशोभित वाक्य. सातव्या पानावर मात्र आल्फामा भागांतील चढणीवर अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम आहे, आणि ती अर्धीच आहे. पुढचा दिवा, दोन खिडक्या, वरचा दांडा. मागची बाजू नाहींच. ट्राम निघून गेली. मग तिनें उरलेल्या जागेंत रूळ काढले आहेत, रुळांमधली लादी काढली आहे, आणि शेजारच्या दारांत पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई काढली आहे. त्या बाईनें वहींत डोकावून आपल्या मागच्या खिडकीचे गज चार नसून पांच आहेत असें बोटांनीं दाखविलें, म्हणून पांचवा गज मागाहून घुसडलेला, थोडा वांकडा, तेथें आहे.

चित्राहूनहि आम्हांस अधिक मौजेचें वाटलें तें त्या पानापासून बदललेलें लिखाण. इंग्रजी वाक्यें संपतात. घाईंत वाक्य रचावयास सवड नाहीं, म्हणून सुटे मराठी शब्द येऊं लागतात, आणि ते सारे नामें आहेत. उतार. कठडा. पन्हळ. दोरीवर वाळत घातलेलें. चौकटीचा रंग उडालेला. जोतें दगडाचें, वर चुना. एका पानावर 'कोनाडा' असें लिहून बाण काढला आहे, आणि कोनाड्यांत संताची मूर्ति आहे. पन्हळ आणि जोतें हे शब्द आमच्या नव्या प्रवासवर्णनांत आम्हीं फार दिवसांत वाचले नव्हते. ते नाहींसे झाले ते वस्तु नाहींशा झाल्या म्हणून नव्हे. इमारत 'देखणी' म्हणून सोडून दिली कीं पन्हळीची गरजच लागत नाहीं. रेषा पन्हळीपाशीं येऊन अडली, म्हणजे तिचें नांव आठवावें लागतें, आणि तें आजीच्या घरांतून येतें. परक्या शहरांतील घर मराठींत प्रथमच कोणी आंतबाहेर निरखून सांगत आहे असें ती पानें वाचतांना आम्हांस वाटलें. चित्रांचा दर्जा बेताचाच आहे. यथादर्शनाचे नियम तिला ठाऊक नाहींत, आणि सेव्हिलच्या एका चौकांतील संत्र्याचीं झाडें तर उलट्या केरसुण्यांसारखीं दिसतात. नागपूरच्या मुलीकडून संत्र्याच्या झाडाची ही दैना व्हावी याचें आम्हांस वाईट वाटलें!

ही वही छापावी असें आमचें मत पडलें, आणि तसें आम्हीं तिला सुचविलेंहि. एका प्रकाशकानें ती पाहून अनुकूलता दाखविली आहे. त्याच्या अटी दोन. मजकूर सलग आणि वाचनीय असा पुन्हां लिहून द्यावा, ही पहिली. आणि सातव्या पानावरची ट्राम छायाचित्रावरून पुरी करून द्यावी, कारण अर्धी ट्राम छापली तर ग्राहकांस ती छपाईची चूक वाटेल, ही दुसरी. पहिली अट ती मान्य करण्याच्या विचारांत आहे. दुसरीस तिनें नकार द्यावा, असें आम्हीं तिला कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.